पैलवान मास्तरांचे हात

भोरात अजून एखादं जुनं माणूस भेटलं आणि पैलवान मास्तरांचा विषय निघाला, की ते हमखास म्हणतं, "कसला पैलवान, मार खाऊन मेला." आणि वर हसतं. मी आता म्हातारी झाले, गुडघे गेले, पण हे ऐकलं की माझे हात शिवशिवतात. मास्तर मार खाऊन मेले हे खरं आहे. भर दिवसा, कोर्टाच्या दारात, सगळ्या बाजारासमोर त्यांनी मार खाल्ला. त्यांनी हात उचलला नाही हेही खरं. पण का उचलला नाही, हे त्या हसणाऱ्यांतल्या एकालाही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना बोलायची या गावाला भारी हौस. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मास्तर असते तर म्हणाले असते, "टाळ्याला लागती न्हवं? मग जीभ चांगली हाय. आता तिला कामाला लावा."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ज्यांची वाचा गेली किंवा मुळात आलीच नाही, अशा मुलांना आणि मोठ्या माणसांना बोलतं कसं करायचं, हे ते आम्हाला शिकवत. म्हणजे मुक्यांचे मास्तर आम्ही होणार होतो. ते आमचे मास्तर. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि भोर संस्थान होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी दरबारात शब्द टाकला आणि हा वर्ग निघाला. मुलींच्या शाळेतून मला पाठवलं. आमच्या हेडबाईंना मी डोळ्यांसमोर नको होते, एवढीच माझी लायकी. दवाखान्यातून दामू कंपाउंडर आला. आणखी दोघं होते, पण ते पहिल्या महिन्यातच पळाले.

वर्ग भरायचा नीरेच्या काठी, बंद पडलेल्या तालमीत. लाल मातीचा हौद तसाच होता, कोपऱ्यात जोर काढायच्या फळ्या तशाच. मास्तर त्या हौदाच्या कडेला बसत. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात बुडालेली, मनगटं माझ्या दंडाएवढी. आवाज मात्र इतका हलका, की एवढ्या मोठ्या रांजणातून वाटीभरच पाणी निघावं तसं वाटायचं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या वरच्या ओठावर बोटाने काकवी लावली आणि म्हणाले, "हात न लावता पुसा." जिभेनं ती चाटता चाटता मला रडू कोसळायचं बाकी होतं. मी घरंदाज बाई, समोर दामू कंपाउंडर खिदळतोय. मग त्याच्याही ओठाला लागली. मास्तर म्हणाले, "पोराला जे करायला लावनार, ते आदी आपुन करायचं. जीब कुठं अडती ते कळलं पायजे." असं आमचं शिक्षण सुरू झालं. परातीतल्या पाण्यावर कागदाची होडी फुंकरीने ढकलायची, आरशावर नाकाचा श्वास पडतो का ते बघायचं, गळ्यावर बोटं ठेवून आवाज कुठून उठतो ते ओळखायचं. घरी माझी सासू म्हणाली, सुनेला वेड लागलं.

हे सगळं गमतीचं वाटेल. पण तालमीत येणारी माणसं गमतीची नव्हती. वाचा नसलेल्या माणसाला आमच्याकडे सरळ मारायची पद्धत होती. मूल बोलेना, की त्याला भूत लागलं म्हणून मिरच्यांची धुरी द्यायची, नाहीतर तापल्या विळ्याने डाग. डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एक म्हातारा नातवाला घेऊन आला, सोन्या नाव. पोराच्या गळ्यावर डागाच्या तीन रेघा होत्या आणि एक जिभेवर. पोरगा बोलायला तोंड उघडायचा, मान ताठ व्हायची, डोळे वर जायचे आणि शब्द ओठावर येऊन अडकून बसायचा. म्हातारा म्हणाला, "मास्तर, समदं केलं. आता तुमी मारून बगा."

मास्तरांनी पोराला दामूकडे दिलं. दामू वाईट नव्हता, पण त्याला औषधाच्या बाटल्यांची सवय. बूच काढलं की औषध बाहेर यायला हवं. सोन्याचा 'पाणी' मधला 'प' निघेना. दामूने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हातातली पट्टी पोराच्या बोटांवर सटकन मारली. पुढचं मला नीट दिसलंच नाही. दामू जमिनीवर नव्हता. मास्तरांनी त्याला गळ्याशी धरून एका हाताने उचललं होतं आणि त्याचे पाय हवेत झटके देत होते. तोंड काळंनिळं. मी किंचाळले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि दामूला हळूच खाली ठेवलं, अंडं ठेवावं तसं. मग बाहेर गेले आणि तालमीचा सागवानी खांब दोन्ही मुठींनी बडवत राहिले. परत आले तेव्हा बोटांची सालटी लोंबत होती.

दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. समोरचं माणूस शब्द शोधत असेल तेव्हा शिकवणाऱ्याने स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचं. उभं असलं तर पाठीमागे बांधायचे. मारायचं नाही, खुणेने शब्द पुरवायचा नाही, टाळी वाजवून घाई करायची नाही. आणि तोंडाने त्याचा शब्द आपण बोलायचा नाही, जीव गेला तरी. ते स्वतः असेच बसत. तो प्रचंड देह आपल्याच पंजांवर बसलेला, नजर समोरच्याच्या ओठांवर, श्वाससुद्धा धरलेला. सोन्याने त्यांच्यासमोर 'पाणी' म्हणायला अख्खी सकाळ घेतली. तोवर मास्तरांच्या मांड्यांखालचे हात काळे पडले होते.

त्या दिवशी दामूने गळा चोळत विचारलं, "मास्तर, हा नियम आमच्यासाठी का तुमच्यासाठी?"

"माज्यासाटी," मास्तर म्हणाले, आणि कोपऱ्यात बसलेल्या गणूअण्णांकडे बघून त्यांनी एका जुन्या कुस्तीची गोष्ट सांगितली.

गणूअण्णा मास्तरांबरोबर राहत. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचे, आणि तोंडात एकच शब्द, 'व्हय'. तरुणपणी दोघं एकाच तालमीतले, एका ताटात जेवणारे. वेल्ह्याकडच्या एका जत्रेत पंचांनी हट्टाने त्यांचीच जोड लावली. कुस्ती लांबली, लोक चिडले, शिव्या देऊ लागले, कुणी ढेकळं मारली. मास्तरांनी गणूची मान बगलेत आवळली आणि त्याला वर घेतलं. "तवा तो माज्या कानात म्हनाला, बास रं मारुती. म्या आयकलं. चांगलं आयकलं. पन लोक वरडत हुते." त्यांनी गणूला डोक्यावर आपटलं. फेटे उडाले, हलगी कडाडली, मास्तरांना खांद्यावर घेऊन लोक नाचले, आणि मातीत गणूच्या तोंडातून फेस येत होता. पुढे मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात एका गोऱ्या डॉक्टरने गणूवर उपचार केले. पहिल्या महायुद्धात डोक्याला मार बसून मुके झालेले सोल्जर तो बोलते करायचा. मास्तर गणूच्या खाटेशी बसून बघत राहिले, मग त्या डॉक्टरच्या हाताखाली शिकत राहिले, वर्षामागून वर्षं. सगळं शिकले. गणूचा मात्र 'व्हय'च्या पुढे शब्द निघाला नाही.

"त्याचं शेवटचं बोलनं 'बास' हुतं," मास्तर म्हणाले. "ते माज्या कानानं आयकलं न माज्या हातानं न्हाई आयकलं. आता कुनी बोलाय लागलं, की हात बांधतो. बास."

मला त्यांची भीती वाटायची ती त्या दिवशी गेली नाही. पण त्यांच्याबद्दल माया वाटू लागली ती तिथपासून.

गणूअण्णांचा 'व्हय' हा आमचा पहिला धडा आणि शेवटचाही. त्यांना काहीही विचारा, उत्तर 'व्हय'. "जेवलात?" "व्हय." आणि माणूस सकाळपासून उपाशी. तोंड तेच म्हणायचं, मनात काही का असेना. पण व्हय-व्हयमध्ये फरक होता. होकाराचा आखूड असायचा, नकाराचा शेवटी खाली पडायचा, संतापाचा नाकातून यायचा, दुःखाचा इतका हळू, की ओठच हलले असं वाटावं. मास्तर आम्हाला पाठ फिरवून बसवायचे आणि नुसत्या आवाजावरून अर्थ सांगायला लावायचे. चुकलो की गणूअण्णा आम्हाला शिव्या द्यायचे, त्याही 'व्हय'मध्ये, आणि त्या बरोबर कळायच्या. "ज्याचं उत्तर व्हय इल असा सवाल हितं घालायचाच न्हाई," मास्तर बजावायचे. "मानूस फसतं न आपुनबी फसतो."

एकदा बाजारच्या दिवशी त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. "आज तुमाला एकच शब्द. व्हय. मिरच्या, मीठ न एक गाडगं घिऊन या." मला कुंभाराने तडा गेलेलं गाडगं दिलं, दाम जास्त घेतला आणि वर विचारलं, "पसंत हाय न्हवं बाई?" मी म्हटलं, "व्हय." दामूचं याहून वाईट झालं. मिरच्यावाल्याच्या पोत्याशी वाकून तो हाताने खुणा करत होता, तेवढ्यात कुणी तरी ओरडलं, "चोरतूस काय रं?" बिचारा दामू काय म्हणणार? चौघांनी त्याला पोत्यांवर आडवा करून बडवला. एक दात हलला, सदरा फाटला. परत आला तेव्हा नाकातून रक्त गळत होतं आणि शब्दाला जागून तेव्हाही 'व्हय व्हय'च करत होता. मास्तरांनी आपल्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं आणि बोलायची परवानगी दिली. "मारत हुते तवा काय वाटलं?"

दामू म्हणाला, "सांगायचं होतं, मास्तर. अगदी ओठांवर होतं. एक क्षण थांबले असते तर सांगितलं असतं."

"ह्येच," मास्तर म्हणाले. दामूने नंतर कधी पट्टी हातात धरली नाही.

भाताची लावणी उरकत आली होती तेव्हा तानीला आणलं. तोरण्याच्या मागच्या एका वाडीतली, विशीतली पोर. तिच्या भावाने, बाळूने, झोळीत घालून उतरवली होती. पदर सरला तेव्हा मी तोंड फिरवलं. डाव्या कानाच्या वर डोक्याला वाटी बसेल एवढा खळगा होता. भात करपला म्हणून तिच्या नवऱ्याने मुसळ घातलं होतं. एकदा नाही. पडल्यावरही घातलं, असं शेजारणीने बाळूला सांगितलं; पण साक्ष द्यायला ती शेजारीण तयार नव्हती, त्याच वाडीत राहायचं होतं तिला. नवरा धोंडिबा म्हणत होता, उखळावर पडली. वर त्याने कोर्टात अर्ज केला होता, की मेव्हण्याने माझी बायको पळवली, ती मला परत द्यावी. तानी स्वतः काही सांगू शकली नाही तर सुगीनंतर कोर्ट तिला त्याच्या घरी पाठवणार, हे उघड होतं. धोंडिबा एकदा तालमीच्या दारापर्यंत आला. दोन्ही भाऊ बरोबर होते. आत न येता, हसत म्हणाला, "शिकवा मास्तर, शिकवा. मुसळ जपून ठिवलंय म्या." तानीला तो आवाज ऐकून उभ्या जागी लघवी झाली. मास्तर स्वतःच्या हातांवर बसलेले होते आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या कपाळाची शीर इतकी फुगली की मला वाटलं, फुटते आता.

तानीकडेही 'व्हय'च उरला होता. मास्तरांनी एक जातं आणवलं. तानी डाव्या हाताने खुंटा धरून दळू लागली, आणि थोड्या वेळाने त्या मुक्या पोरीच्या तोंडून ओवी बाहेर पडली. अख्खी, शब्दासुरांसह. मी हुंदके देऊ लागले. मास्तर म्हणाले, "रडू नगा बाई. गानं आपल्या आपुन वाहातंय. ती अजून बोलली न्हाई." खरंच, जातं थांबवून ओवीतला एक शब्द मागितला, की पुन्हा 'व्हय'.

कोर्टाला नाव हवं होतं. कुणी मारलं, त्याचं नाव. आणि आमच्याकडची बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. धडधाकट असती तरी तानी 'घरधनी' म्हणाली असती. नाव येतं ते उखाण्यात. हे मास्तरांना सुचलं, पण पुरुषाने तिला उखाणा कसा विचारावा? म्हणाले, "हे तुमच्याकडनंच व्हनार." मी जात्याशी बसले, दळता दळता आमच्या ह्यांचं नाव उखाण्यात घेतलं. दोन-तीन दिवस मीच घेत होते, मास्तर आमच्याकडे पाठ फिरवून बसत होते. आणि मग जातं फिरत असताना तानी एका दमात म्हणाली,

"सुपात पाखडला भात, निघाला एक खडा,
धोंडिबांचं नाव घेते, वाट माझी सोडा."

लग्न होऊन सासरच्या दारात उभी होती तेव्हा नणंदांनी वाट अडवल्यावर घेतलेला उखाणा. तो त्या खळग्याखाली शाबूत राहिला होता.

पण तेही वाहणंच होतं. सुरू झाला की शेवटापर्यंत जायचा. मास्तर म्हणाले, "वाहातं पानी मधीच अडवता आलं, तर पानी आपलं. धोंडिबावर थांबायला शिकवायचं." खरं शिकवणं काय असतं, ते मी त्या पावसाळ्यात बघितलं. 'धोंडिबा' आला की तानीने खुंटा घट्ट धरून जातं थांबवायचं. जातं थांबायचं, जीभ थांबायची नाही. 'वाट माझी सोडा' होऊनच जायचं. तानी स्वतःच्या तोंडावर चापटी मारून घ्यायची, कपाळ जात्यावर आपटायची, एकदा माझ्या मनगटाला चावली. मास्तर हात मांड्यांखाली घेऊन म्हणायचे, "पुन्यांदा." भात पोटरीला आला, निसवला, पिवळा पडला. आणि एका सकाळी खुंटा थांबला, तशी जीभही थांबली. "धोंडिबा—" पुढे काही नाही. तानी आपल्याच तोंडाकडे बघावं तशी खाली बघत राहिली. मग हसली. मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यांना आणखी एक हवं होतं, ते जमलं नाही. उखाण्याचं दुसरं टोक मधूनच उचलता येतं का, ते त्यांनी फार करून बघितलं. पहिल्या शब्दापासून आल्याशिवाय तिला पुढचं सापडायचंच नाही. "मानूस कुठनंबी उचलून बोललं, की बोलनं त्याच्या मालकीचं झालं," ते म्हणायचे. "व्हईल. आज ना उद्या."

कोर्टाचा दिवस बाजाराचाच होता; गणूअण्णांसकट आम्ही सगळे गेलो होतो. धोंडिबाच्या वकिलाने उठल्या उठल्या तेच केलं, ज्याची भीती होती. "बाई, तू उखळावर पडलीस ना?" तानी म्हणाली, "व्हय." मागे धोंडिबाचे भाऊ मोठ्याने हसले. मास्तर उभे राहून हात जोडून म्हणाले, "साहेब, तिला व्हय-न्हाईचा सवाल घालू नगा." न्यायाधीश वयस्क होते, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, तू पुरुष आहेस का?" तानी म्हणाली, "व्हय." मग ते वकिलाला म्हणाले, "बसा." आणि तानीला अगदी सावकाश विचारलं, "तुझ्या डोक्यात मुसळ कुणी घातलं?"

तिथे जातं नव्हतं. तानीने डावी मूठ आवळली, जणू खुंटा धरलाय. मास्तरांचे हात पाठीमागे गेले. दामूचे गेले, माझे गेले. कोर्टात पंखा ओढणाऱ्याची दोरी तेवढी करकरत होती.

"सुपात पाखडला भात, निघाला एक खडा, धोंडिबा—"

मूठ थांबली. ती थांबली.

वकील म्हणाला, ही पोपटपंची आहे, लग्नातला उखाणा घोकवून घेतलाय. न्यायाधीशांनी मान हलवली आणि विचारलं, "बाई, तुला इथवर कुणी आणलं?" तानीने ओठ घट्ट मिटले आणि भावाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी पुन्हा पहिला प्रश्न विचारला. यावेळी सूप नाही, भात नाही, खडा नाही. तानी धोंडिबाकडे बघून म्हणाली, "धोंडिबा."

नुसतं नाव. 'राव' नाही, 'अहो' नाही. कोर्टातल्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. धोंडिबा कठड्यावरून उडी मारून आला आणि त्याने तिच्या झिंज्या धरल्या. शिपायांनी त्याला लाथाबुक्क्यांनी सोडवला आणि मागच्या दाराने नेला. न्यायाधीशांनी सांगितलं, बाई भावाकडे राहील. मी दामूचा हात धरून नाचायचीच बाकी होते.

पुढच्या दारात धोंडिबाचे दोघे भाऊ उभे होते. हातात वेताच्या काठ्या, लोखंडी मुठीच्या. शिपाई सगळे मागे धोंडिबाशी झटत होते. थोरला म्हणाला, "भर कचेरीत दाल्ल्याचं नाव घेतलंस. आता चल घरी." त्याने बाळूच्या तोंडावर काठीची मूठ मारली, बाळू दातांसकट पायरीवर पडला. मास्तर पुढे झाले. ते नुसते पुढे उभे राहिले तरी त्या दोघांनी एक पाऊल मागे घेतलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचे हात वर यायला लागले होते. मला वाटलं, आता दोन मुडदे पडणार, आणि खरं सांगते, मला ते हवे होते.

तेवढ्यात तानीचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. डावी मूठ आवळलेली.

मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी त्या काठ्यांकडे पाठ केली. तानीकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. आम्हाला म्हणाले, "मधी कुनी बोलू नगा. ती शोधतीया."

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी कानावर. तो मोडका कान फाटला. तानीच्या तोंडून 'सु' निघाला आणि विरला. पहिल्या शब्दापासून यायला निघाली होती, वाट सापडली नाही. तिसरी काठी डोक्यात, मुठीकडून. तो आवाज मी अजून ऐकते. भरलेला माठ फुटल्यासारखा. मास्तर हलले नाहीत. डोळे तिच्या ओठांवर, मान किंचित पुढे, श्वास धरलेला. तालमीत सोन्याच्या 'पाणी'साठी बसत तसेच. रक्त त्यांच्या भुवईवरून डोळ्यात गेलं, त्यांनी ते पुसायलाही हात काढला नाही.

"वाट," तानी म्हणाली.

काठी पुन्हा बसली.

"वाट माझी सोडा."

सूप नाही, भात नाही, धोंडिबा नाही. मधूनच उचललं. आणि ते गाणं नव्हतं, ती थोरल्या दिराला सांगत होती. एकदा सापडल्यावर ती ओरडली, पुन्हा पुन्हा, घोगऱ्या आवाजात, "वाट माझी सोडा." आमच्याकडे हे शब्द कानावर आले, की दारातलं माणूस बाजूला होतं; ती सवय हाडात आहे. थोरल्याची काठी वर गेलेली तशीच राहिली. बाजारातल्या बायका पायऱ्या चढून आल्या आणि तानीला मध्ये घेऊन चालू लागल्या. एकीच्या हातात खुरपं होतं. कुणाची अडवायची छाती झाली नाही.

हात बांधायचा नियम गणूअण्णांना लागू नव्हता. त्यांनी डाव्या हाताने थोरल्याचा गळा धरला आणि त्याचं तोंड पायरीच्या दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं, दर वेळी 'व्हय' म्हणत. धाकटा पळाला. मास्तर म्हणाले, "गणू, बास." गणूअण्णा ताबडतोब थांबले.

मग मास्तर गुडघ्यांवर आले.

डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या, इथे काही होणार नाही. सर्व्हिस मोटार उभी होती, उतारूंनी आपणहून जागा केली. मागच्या बाकावर त्यांना निजवलं. माझा पदर त्यांच्या डोक्याला बांधला होता, तो भिजून थेंब पडत होते. ते आपले हात अंगाखाली सरकवू लागले. मी म्हटलं, "मास्तर, आता कशाला? आता कुणी शोधत नाही." त्यांनी ऐकलं नाही. हात अंगाखाली गेले तेव्हा ते विचारू लागले, एकेक शब्द लांबून आणत.

"बोलली न्हवं?"

"बोलली, मास्तर."

"मधनंच?"

"मधूनच उचललं."

"तुमी कुनी पुरवलं न्हाई न्हवं?"

"नाही. कुणी नाही."

त्यांनी डोळे मिटले. तानी पुढे भावाकडे राहिली, धोंडिबाला शिक्षा झाली, आणि बोलणं तिला हळूहळू बरंच परतलं. भांडण्यापुरतं तर नक्कीच. ते सगळं नंतरचं. तेव्हा मी मोटारीच्या पायरीवर उभी होते आणि गणूअण्णा मास्तरांच्या उशाशी बसले होते, आपला चांगला हात त्यांच्या नाकासमोर धरून. मोटार पुण्याला पोचायच्या आधी, कामथडीच्या अलीकडे मास्तर गेले असं लोक सांगतात. ड्रायव्हरने हँडल मारलं, आत डोकावला आणि विचारलं, "जिवंत हाय न्हवं? न्हाईतर मोटार बाटंल."

"व्हय," गणूअण्णा म्हणाले.

इतक्या हळू, की ओठच हलले असं वाटावं. मी दामूकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. ड्रायव्हरला कळलं नाही. तो घाईघाईने आपल्या जागेवर जाऊन बसला आणि त्याने मोटार सोडली.